सीमेवर अडलेलं वाण

“ये डिब्बा किसका?”

अधिकाऱ्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तरी आमच्यातून कोणी बोललं नाही.

बसमधून उतरवलेले आम्ही सगळे एका लांब पत्र्याच्या शेडखाली रांगेत उभे होतो, ज्याची त्याची बॅग पायाशी. मागे ओमान संपला होता, पुढे अमिरात सुरू व्हायची होती. शेडबाहेर ऊन इतकं पांढरं होतं की आमची बससुद्धा धड दिसत नव्हती. समोरच्या सिमेंटच्या ओट्यावर एक स्टीलचा डबा उघडा ठेवलेला. आत अनारसे. छान जाळी पडलेले, एका अंगाला खसखस लावलेले.

डबा मी ओळखला होता. माझ्या डाव्या हाताला उभ्या असलेल्या विहीणबाईंचा होता तो. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची, मेधाची आई. कमलिनी अष्टपुत्रे, नाशिकच्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर बघत राहिल्या.

खरं तर अधिकाऱ्याला आधी काहीच कळलं नव्हतं. खाण्याचे सगळे डबे बसच्या मागच्या सीटवर एकत्र ठेवलेले, ते ओट्यावर आणवून त्यानं एकेक उघडून पाहिले. चिवडा पाहिला, गूळपोळ्या पाहिल्या, हसला. या डब्याशी आल्यावर त्यानं सहज विचारलं, “ये क्या?” तर आमच्यातल्या बापटवहिनी उत्साहानं पुढे सरकल्या.

“अनारसे! स्वीट, स्वीट! ऊपर खसखस लगाया है.”

आमच्या एवढ्या बोलण्यातला तेवढा एकच शब्द त्याला नीट कळला. अरबीतही खसखशीला जवळजवळ तसंच म्हणतात, हे मला पुढे समजलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की त्याचं हसू गेलं, हात थांबला, आणि त्यानं डबा दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर मधोमध ठेवला.

आमचा टूरवाला पुष्कर, पोरगेलासा पण हुशार मुलगा, तो पांढराफटक पडला. माझ्या मागे येऊन पुटपुटला, “काकू, खसखस इथे अफूत धरतात. बियासुद्धा. तुरुंग आहे याला.”

“काय बोलतोस! देवाच्या नैवेद्याला असते ती.”

“निघताना मी विचारलं होतं ना सगळ्यांना, बंदी असलेलं काही नाही ना म्हणून?”

विचारलं होतं. पण मसाल्याच्या डब्यातल्या खसखशीचं नाव अशा प्रश्नाला कोणाच्या तोंडी येणार?

तो डबा कोणासाठी होता, हेही मला ठाऊक होतं. त्या वर्षी वैशाख अधिक आला होता. अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली रीत. तिकडे आखातात नोकरी करणाऱ्या जावयाला कोण देतं? पण विहीणबाई रीत सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी नवा डबा घेतला होता आणि भांडीवाल्याकडून त्याच्यावर नाव घालून घेतलं होतं. ‘चि. श्रीरंग यांस, अधिक वैशाख.’ मस्कतच्या हॉटेलात त्यांनी मला तो कौतुकानं दाखवला होता. झाकण आता ओट्यावर पालथं पडलं होतं, पण नाव झाकणावर नव्हतं. डब्याच्या पोटावर होतं, अधिकाऱ्याच्या बाजूला.

श्रीरंग माझा मुलगा. सीमेपलीकडे दोन-तीन तासांवर, वाळूच्या डोंगरांच्या पायथ्याशी, तो आमची वाट बघत होता.

तेव्हा वाळवंट बघायला पैसे मोजून जायचं, हीच मुळी नवी गोष्ट होती. आमच्या साताऱ्याकडची माणसं आखातात जायची ती वेल्डर, फिटर म्हणून. उन्हात रापून यायची आणि वाळूचं नाव काढलं की तोंड फिरवायची. श्रीरंगही गेला होता तो एका बांधकाम कंपनीत. पण मग तिकडच्या शेखांना सुचलं की तेल काय, आज आहे, उद्या नाही. वाळू मात्र कायमची. तंबू उभे राहिले, तंबूंत थंड हवेची यंत्रं आली, उंटावर बसवायला माणसं आली. श्रीरंगनं नोकरी सोडली आणि अशाच एका नव्या कॅम्पचा व्यवस्थापक झाला. आपल्याकडचे गट तिथे न्यायची कल्पना त्याचीच. ‘वाळवंटात पिठलं-भाकरी’ अशी जाहिरात पुण्याच्या पेपरात आली होती, ती मी कापून ठेवली होती. आमचा हा तिसरा की चौथा गट असेल. आमच्या सगळ्यांचे व्हिसे त्याच्याच कॅम्पच्या नावावर निघाले होते. आता तर शेजारची मुलं लग्नाआधीचे फोटो काढायला तिकडे जातात. नवरी लाल घागरा घालून वाळूवरून धावते. मला दाखवतात मोबाइलवर. मी म्हणते, छान आहे.

पुष्कर पुन्हा कानाशी आला. “काकू, डबा कोणासाठी ते कळलं तर ते म्हणतील, मागवणारा श्रीरंगसर. इथे पाठवणाऱ्यापेक्षा मागवणाऱ्याला जास्त धरतात. कॅम्पचा परवाना तर जाईलच, पण ते स्वतः...”

“कोणी सांगू नका,” मी म्हटलं.

“मी नाही सांगणार. पण नाव घातलंय ना त्याच्यावर!”

रांगेच्या टोकाला बापट घड्याळाकडे बघत मोठ्यानं म्हणाले, “अहो, ज्याचा असेल त्यानं सांगून टाका ना. सनसेट जाईल आपला. सनसेटचे वेगळे पैसे घेतलेत.”

“गप्प बसा हो तुम्ही,” बापटवहिनी. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. आपण तोंड उघडलं नसतं तर, हे त्यांना कळून चुकलं होतं.

अधिकाऱ्यानं आता कोणाला तरी बोलावलं. आतल्या खोलीतून एक वयस्कर अधिकारी बाहेर आला. पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यानं एक अनारसा उचलला, उन्हाकडे धरला, नखानं चार दाणे खरवडून तळहातावर घेतले. मग शांतपणे हिंदीत म्हणाला, “कोई नहीं बोलेगा, तो बस नहीं जायेगा. सब लोग अंदर.”

“मेरा है.”

विहीणबाई एक पाऊल पुढे झाल्या होत्या. नाशिकची हातमागाची करडी साडी, पायांत प्रवासाला म्हणून घेतलेले पांढरे बूट. कपाळ मोकळं. त्यांचे यजमान जाऊन सहा-सात वर्षं झाली होती.

“आपका?”

“हां. मैंने बनाया. घर में. मेरेको मालूम नहीं था ये चलता नहीं.”

“किसके लिये?”

माझे दोन्ही हात साडीच्या पदरात गोळा झाले. विहीणबाईंचं हिंदी जेमतेम होतं, आणि खोटं बोलायची तर त्यांना मुळीच सवय नव्हती. साताऱ्याला आमच्याकडे आल्या तेव्हा माझ्या हातच्या आमटीला ‘जरा आंबट झालीय’ म्हणून पहिल्याच पंक्तीत सांगणारी ही बाई.

“मेरे लिये,” त्या म्हणाल्या.

“इतना?”

“सबके लिये. बाँटने के लिये.”

त्यानं डबा फिरवला. नावावर बोट ठेवलं. “ये क्या लिखा है?”

त्यानं पुष्करला बोटानं बोलावलं. पुष्कर गेला. डब्यावर वाकला. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ शर्टात उतरताना मला दिसला. तो ‘चि.’ गाळून, अगदी हळू, वाचून मोकळा झाला. “श्रीरंग. नाम है, सर.”

“कौन श्रीरंग? इधर कौन है श्रीरंग?” त्यानं रांगेवरून नजर फिरवली. आमच्यात कोणी श्रीरंग नव्हता, आणि आमच्या व्हिशाचे कागद त्याच्या टेबलावरच पडले होते. खाली कॅम्पचा शिक्का आणि श्रीरंगची सही. एक पान उलटलं की झालं.

“मेरे मिस्टर,” विहीणबाई म्हणाल्या. “मेरे मिस्टर का नाम है. वो मर गये.”

मी झटकन मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“मर गये आदमी के नाम पे हमारे में मीठा बाँटते हैं,” त्या पुढे बोलत राहिल्या. आवाज जराही हलला नाही. “इसलिये उनका नाम डाला.”

पहिल्या अधिकाऱ्यानं मान हलवून अरबीत काही म्हटलं, दुवा दिल्यासारखं. पण म्हातारा घाईतला नव्हता. त्यानं विहीणबाईंचा पासपोर्ट मागवला, चष्मा वर करून पान डोळ्यांशी नेलं.

“इधर तो दत्तात्रय लिखा है.”

विहीणबाईंकडचं सगळं संपलं होतं, ते त्यांच्या पाठीकडे बघूनही कळत होतं.

आणि मीच बोलले. “घर का नाम श्रीरंग था.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. “आप कौन?”

“समधन. इनकी बेटी मेरे घर में दी है.”

“इसका आदमी देखा था आपने?”

“देखा था.”

“श्रीरंग बोलते थे उसको?”

“हां.”

“मर गया?”

मी आई होते. सकाळी मस्कतहून निघताना हॉटेलातल्या खिडकीशी उभं राहून त्याच्या नावानं गणपतीला हात जोडून आले होते. जेवताना कोणी ‘मेलं’ म्हटलं तरी ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणणारी मी. म्हातारा चष्म्यावरून बघत होता, आणि त्याच्या कोपराशी ते कागद होते.

“हां,” मी म्हटलं. “मर गया.”

त्यानं पासपोर्ट मिटला.

मग बराच वेळ आम्हाला बाकांवर बसवलं. पुष्कर आत-बाहेर करत होता. शेवटी निकाल घेऊन आला. म्हाताऱ्याला खात्री पटली होती की बाई अडाणी आहे, बदमाश नाही. डबा जप्त. अनारसे जाळायचे. विहीणबाईंनी अरबी कागदावर सही आणि अंगठा द्यायचा, आणि अमिरातीत पाऊल न ठेवता आल्या वाटेनं मागे जायचं. बाकीच्यांनी पुढे जावं.

“सुटलो,” बापट म्हणाले आणि लगेच पाणी प्यायला गेले.

“काकू, मी करतो सगळी व्यवस्था,” पुष्कर विहीणबाईंना म्हणाला. “ओमानच्या बाजूला टॅक्सी मिळते. मस्कतला आपला माणूस उतरवून घेईल, परवाच्या विमानात बसवून देईल. घाबरू नका.”

“मी नाही घाबरत,” त्या म्हणाल्या. अंगठ्याची शाई त्या रुमालानं पुसत होत्या, ती जात नव्हती.

आमच्या बॅगा पुन्हा बसमध्ये चढल्या, विहीणबाईंची तेवढी खाली राहिली, आणि माणसं बसकडे निघाली. मी मात्र तिथेच होते, आणि आता भीती गेल्यावर माझा संताप वर आला होता.

“डब्यावर चिरंजीव घालून आणलंत,” मी म्हटलं, “आणि चारचौघांत मेला म्हणालात त्याला? आणि मलाही म्हणायला लावलंत?”

“मी कुठे लावलं? तुम्ही आपणहून बोललात.”

“मग काय करणार होते? दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला? भाऊ म्हणायचं, दीर म्हणायचं! मेलाच म्हणायचं? जिवंत माणसाला?”

“जिवंत म्हटलं असतं तर विचारलं असतं, कुठे असतो.” त्या रुमाल घासत राहिल्या. “आणि दुसरं नाही सुचलं. तेच आलं तोंडात.”

“तेच कसं आलं?”

विहीणबाईंनी रुमालाची घडी घातली. “मंदाताई, तुम्ही जा आता. बस सुटेल. मुलाला दोन वर्षांनी भेटताय.”

“तेच कसं आलं, ते सांगा.”

त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या, म्हणजे मी बसावं. मी उभीच राहिले.

“मेधा माझ्याकडे बी.एड.साठी राहिली आहे, असं तुम्हाला सांगितलंय ना?”

“हो. श्रीरंगनंच सांगितलं.”

“बी.एड. तिनं लग्नाआधीच केलं होतं.”

हे मला ठाऊक होतं. लग्नात पत्रिकेवर छापलं होतं. श्रीरंग फोनवर म्हणाला तेव्हा ते आठवलंच नाही, किंवा आठवून मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“दिवाळीत त्यांनी तिला माझ्याकडे पाठवून दिलं आणि परत येऊ नकोस म्हणून कळवलं. कॅम्पवर दुसरी कोणी आहे. हिशेब बघायला ठेवली होती. आता तिथेच राहते.”

“कोण म्हणतं?”

“मेधा म्हणते. आणखी कोणाला विचारू? तुम्हाला विचारलं असतं, तर माझ्या मुलीचंच कुठे चुकलं ते तुम्ही शोधलं असतंत.”

आता मी बाकाच्या कडेला बसले.

“मग हे वाण कशाला आणलंत? अशा माणसाला?”

“दुसरं काय हातात घेऊन त्यांच्या दारात उभी राहणार?” त्या म्हणाल्या. “रिकाम्या हातानं गेले असते तर भांडायला आली म्हणाले असते. अधिकात जावयाला विष्णू मानायचं. विष्णूशी भांडता येत नाही, पण मागता येतं. चार लोकांसमोर वाण दिलं तर घेतील, आणि घेतलं तर मग बोलता येईल, एवढाच विचार केला. तुम्ही बरोबर असाल, तर निदान सोंग तरी करतील म्हणून तुमच्या गटात नाव घातलं.”

“एका शब्दात त्याला आत घालता आलं असतं तुम्हाला आज.”

“आलं असतं.”

“मग?”

“मेधाला नवरा परत हवाय, मंदाताई.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. “मला नकोय. तिला हवाय.”

बसचा हॉर्न वाजला. पुष्कर फोन कानाला लावून धावत आला. “काकू, श्रीरंगसर. मघापासून करतायत. तुमच्याशी बोलायचंय.” त्यानं फोन माझ्या हातात दिला.

मी शेडच्या कडेला गेले. दोन वर्षांनी एवढ्या जवळून आवाज. इतकी वर्षं झाली, अजून तो आवाज माझ्या कानात आहे, कारण तो घाबरलेला होता, आणि लहानपणी घाबरला की अगदी असाच बोलायचा.

“आई, पुष्करनं सांगितलं. डबा सापडला ना? त्यांनी माझं नाव घेतलं का?”

मी वाट पाहिली. तू बरी आहेस ना, म्हणेल. सासूबाईंना त्रास नाही ना झाला, म्हणेल. पलीकडून ढोल वाजत असल्याचा आवाज येत होता. गट आला की स्वागताला वाजवतात तसा.

“आई? ऐकू येतंय का? नाव घेतलं का माझं?”

“मेधा कधी येणार आहे रे?” मी विचारलं.

ढोल तेवढा ऐकू येत राहिला.

“आता हे काय मधेच? तू बसमध्ये बस बघू. इथे आलीस की बोलू सगळं. तुझ्यासाठी वेगळा तंबू सजवलाय, तुला आवडेल. आधी मला सांग, कागदावर माझं नाव आलंय का?”

“तुझ्या सासूबाईंना मागे पाठवतायत.”

“कळलं मला. पुष्कर बघेल त्यांचं. नाव?”

“घेतलं,” मी म्हटलं.

“काय? काय सांगितलं त्यांनी?”

“श्रीरंग वारला, म्हणून सांगितलं. मग मलाही विचारलं. मी हो म्हटलं.”

तो “आई” म्हणाला की नुसता श्वास घेतला, ते कळलं नाही. मी फोन पुष्करच्या हातात दिला.

“माझी बॅग खाली काढ.”

“काकू, हा ग्रुप व्हिसा आहे! एकदा मागे गेलात की पुन्हा आत नाही येता येणार. सर माझ्यावर...”

“काढ म्हटलं ना.”

त्यानं काढली. खिडकीतून बापटवहिनींनी हात हलवला, बापटांनी पडदा ओढून घेतला. बस उन्हात शिरली आणि दिसेनाशी झाली.

ओमानच्या चौकीपर्यंत चालत जायचं होतं. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, आणि डांबरावर वाऱ्यानं आणून टाकलेली वाळू.

“तुम्ही कशाला उतरलात?” विहीणबाई म्हणाल्या. “मी गेले असते एकटी.”

“माहीत आहे.”

“काय म्हणाले जावईबापू?”

एवढं होऊनही त्यांच्या तोंडून ‘बापू’ सुटलं नव्हतं. मला खोटं सुचत होतं. रेंज गेली म्हणता आलं असतं. पण त्या दिवसापुरतं माझं खोटं बोलून झालं होतं.

“तुम्ही त्याचं नाव घेतलंत का, तेवढंच विचारत होता.”

त्या थांबल्या. मला वाटलं रडतील. त्या फक्त मागे वळून त्या शेडकडे, त्यापलीकडच्या रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“तेवढंच?”

“तेवढंच.”

“मग मेधाला आता सांगायला हवं,” त्या म्हणाल्या. “मला नाही सांगता यायचं.”

“मी सांगते. मी येते नाशिकला तुमच्याबरोबर.”

माझ्या बॅगेचं एक चाक वाळूत रुतून बसलं होतं. मी ओढत होते, ती येत नव्हती. विहीणबाईंनी माझा हात बाजूला केला, बॅग उचलून आपल्या बाजूला घेतली, त्यांची चालती बॅग माझ्याकडे ढकलली, आणि आम्ही निघालो.